‘त्यांचा’ मतदार म्हणजे कोण?

(बारवी धरणाच्या परिसरात भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



संयोजकांनी मला ‘डावा मतदार आणि उजवा मतदार’ असा विषय दिला आहे. अर्थशास्त्राच्या माणसाला हा विषय का, असे मी विचारले, तेव्हा राज्यशास्त्राचे प्राध्यापक मोकळे नव्हते असे प्रांजळ उत्तर मिळाले. तेव्हा मी माझ्या शास्त्राच्या अंगानेच बोलणार. शिबिरासाठी बारवीची जागा निवडली हे मात्र उत्तम झाले. ज्या भ्रमाविषयी मला बोलायचे आहे, तो तपासून पाहायला या धरणासारखी दुसरी जागा सापडणे कठीण.

हे धरण पाटबंधारे खात्याचे नव्हे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी, शेतीसाठी नव्हे तर कारखान्यांसाठी, बारवी नदी अडविली गेली. पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढली. शेवटच्या वाढीनंतर २०१९च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच नव्या पातळीपर्यंत भरला आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाला. तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या मुरबाड तालुक्यातील गावांची घरेदारे त्या पाण्याखाली गेली. ते पाणी आज अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना जाते. उल्हासनगर शहर तर जवळजवळ सर्वस्वी त्याच्यावर जगते. शिवाय ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर या महापालिकाही आपापला वाटा घेतात.

आता या पाण्याच्या दोन टोकांना कोण आहे ते पाहा. वरच्या टोकाला कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी. जमीन देऊन बसलेली माणसे. खालच्या टोकाला उल्हासनगरचा सिंधी दुकानदार, अंबरनाथचा कामगार, डोंबिवलीचा बँकेतला कारकून. आपल्या बैठकांतून या माणसांची वाटणी फार झटपट होते. वरचे टोक आपले, खालचे त्यांचे. कामगार मात्र अर्धा आपला, अर्धा बिघडलेला! पलीकडच्या गोटातही हीच वाटणी उलट बाजूने चालते. तिकडे झोपडपट्टीतला माणूस म्हणजे फुकट खाणारा, झोळीवाला म्हणजे देशाचा वैरी. आपण ‘अंधभक्त’ म्हणतो, ते ‘फुरोगामी’ म्हणतात. शब्द निराळे, पण माणसाला न भेटता त्याचा निकाल लावण्याची रीत एकच.

ही वाटणी निकालांच्या नोंदीशी ताडून पाहू. उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसविण्यात आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. फाळणीने पोळलेला सिंधी म्हणजे जनसंघाचा, आणि तो व्यापारी असला तर दुपटीने जनसंघाचा, असे समीकरण आपल्याकडे चालत आले आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणत नाही. पण १९९० साली येथून काँग्रेसचे पप्पू कलानी निवडून आले. १९९५ साली तेच अपक्ष म्हणून आले, तेही तुरुंगात असताना. आणि १९९९ व २००४ साली ते आले रिपब्लिकन पक्षाच्या नावावर. २००९ साली भाजपचे कुमार आयलानी, २०१४ साली राष्ट्रवादीच्या ज्योती कलानी, २०१९ आणि २०२४ साली पुन्हा आयलानी. कलानींच्या राजकारणाची मी तरफदारी करतो आहे असे कृपा करून कोणी समजू नये. माझा प्रश्न एवढाच, की निळ्या झेंड्याला मत देणारा तो सिंधी मतदार आपल्या समीकरणात कोठे बसतो?

आणि ज्या मुरबाड मतदारसंघात आपण आता बसलो आहोत तेथे तर अधिकच गंमत आहे. किसन कथोरे २००९ साली येथून राष्ट्रवादी काँग्रेसचे आमदार झाले. २०१४, २०१९ आणि २०२४ साली तेच भाजपचे आमदार झाले. उमेदवार तोच, गावे तीच, आणि मतदारही बहुतांश तेच. २००९ साली हा मतदार ‘धर्मनिरपेक्ष’ होता आणि २०१४ साली तो एकाएकी ‘जातीयवादी’ झाला, असे मानायचे काय? उत्तरेकडे पालघर जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या कार्यातून उभी राहिलेली चळवळ अजून तग धरून आहे. डहाणूच्या आदिवासींनी २०१९ आणि २०२४ साली मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले यांना विधानसभेवर पाठविले. पण डहाणू ज्यात येते त्या पालघर लोकसभा मतदारसंघात त्याच २०२४ साली भाजपचे हेमंत सवरा विजयी झाले.

येथे माझे शास्त्र थोडेसे उपयोगी पडेल. वाण्याच्या दुकानात आपण मीठ, तेल, साबण वेगवेगळे मागतो. जे नको ते घेत नाही. मतदाराला ही सोय नाही. पाच वर्षांतून एकदा त्याच्यापुढे दोन-तीन बांधलेली गाठोडी ठेवली जातात. प्रत्येकात रस्ता असतो, रेशन असते, जात असते, देव असतो, उमेदवाराने आजारपणात केलेली धावपळ असते, आणि कधीकधी शेजाऱ्याचा द्वेषही असतो. त्यांतले एक गाठोडे उचलणे त्याला भाग आहे. ते उचलले म्हणून त्यातली प्रत्येक वस्तू त्याला हवी होती, असा निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काढला तर मी त्याचे गुण कापीन. आपण कार्यकर्ते मात्र प्रत्येक निकालानंतर नेमके तेच करतो. मतदानयंत्रातून संख्या बाहेर पडते, कारण बाहेर पडत नाही. ते विचारण्यासाठी घराची पायरी चढावी लागते, आणि ते श्रम चुकविण्यासाठी ही लेबले फार सोयीची असतात.

बदलापूरचे उदाहरण जवळचे आहे आणि वेदनेचे आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी, शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने संतापलेले लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि अनेक तास गाड्या थांबल्या. त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी हे आंदोलन राजकीय हेतूने प्रेरित असल्याचे आणि बहुतेक आंदोलक बाहेरचे असल्याचे सांगितले. म्हणजे, संतापलेला माणूस ‘आपला’ मतदार असूच शकत नाही, तो विरोधकांनीच आणलेला असला पाहिजे! सत्तेला ही समजूत सोयीची होती. पण तीन महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला, कथोरे पुन्हा निवडून आले, आणि मग आपल्या गोटातून काय ऐकू आले? ‘या गावाला काही वाटत नाही’, ‘लोक विसरले’, ‘दीड हजारात विकले गेले’. रुळावर बसलेली आई नोव्हेंबरात मुलीला विसरली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिच्या हातात पुन्हा गाठोडेच दिले होते. ‘शाळेत मुलींची सुरक्षितता’ या नावाचे बटण यंत्रावर नव्हते.

त्या दीड हजारांविषयीही बोलले पाहिजे. ‘लाडकी बहीण’ योजनेतून जुलै २०२४पासून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. निवडणुकीच्या तोंडावर हे झाले, तिजोरीचा विचार झाला नाही, ही टीका रास्त आहे आणि मीही ती करतो. पण कष्टकरी बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या नावाची रोख रक्कम असावी ही मागणी मूळची कोणाची? सामाजिक सुरक्षेचा आग्रह समाजवाद्यांनी जन्मभर धरला. आपण मागितले तेव्हा तो हक्क होता. दुसऱ्याने दिल्यावर ती लाच झाली आणि घेणारी बाई विकाऊ ठरली, हे गणित मला उमगत नाही. देणाऱ्याच्या हेतूवर जरूर बोला. घेणारीच्या अब्रूवर बोलू नका.

आता अंबरनाथकडे या. तेथे आयुध निर्माणी आहे, यंत्रसामग्रीच्या आद्य नमुन्यांचा कारखाना आहे. संरक्षण खात्यातील कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाशी एस. एम. जोशी यांचे नाव जोडलेले आहे, हे ज्येष्ठांना स्मरत असेल. या क्षेत्रात आज तीन महासंघ आहेत: एक डाव्या परंपरेचा, एक काँग्रेसच्या, आणि तिसरा भारतीय मजदूर संघाच्या, म्हणजे संघपरिवाराच्या परंपरेचा. निर्माण्यांचे कंपनीकरण होणार असे दिसू लागताच २० ऑगस्ट २०१९पासून देशभरच्या निर्माण्यांत संप सुरू झाला आणि तो तिन्ही महासंघांनी मिळून पुकारला होता. ज्या पावसाळ्यात बारवीचे पाणी वाढीव पातळीला पोहोचले त्याच पावसाळ्यातली ही गोष्ट. संप काही दिवसांत मागे घेण्यात आला. २०२१ साली संप मोडण्याची सोय करणारा कायदा संसदेने केला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. लढाई हरली, हे खरे. पण ज्याच्या घरी भगवा झेंडा आहे तो कामगार भाजपच्या सरकारविरुद्ध लाल झेंडेवाल्याच्या शेजारी उभा राहिला. उद्या त्यांतल्या एकाने पुन्हा कमळावर बटण दाबले, तर त्याचा तो संप खोटा ठरतो काय?

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत डग्लस अॅहलर आणि गौरव सूद यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक मिळविणारे लोक रिपब्लिकन मतदारांत किती, असे विचारले असता सरासरी उत्तर आले शंभरात ३८. प्रत्यक्षात ते सुमारे २ होते. डेमोक्रॅट मतदारांत समलिंगी वा तत्सम लोक किती? अंदाज ३२, वास्तव सुमारे ६. आणि यातला आपल्याला झोंबणारा भाग असा की, राजकारणात ज्यांना सर्वांत अधिक रस त्यांचे अंदाज सर्वांत अधिक चुकलेले होते. आपल्याकडे ‘उजवा मतदार म्हणजे पोट भरलेला शहरी मध्यमवर्गीय’ हे चित्र अजून कायम आहे. लोकनीतीच्या पाहण्यांत भाजपला मिळालेली गरिबांची मते २०१४ साली सुमारे चौथा हिस्सा होती आणि २०१९ साली ती एक तृतीयांशाच्या वर गेली. ज्या गरिबाच्या नावाने आपण ठराव करतो तो कोठे जातो आहे, हे या चित्रामुळेच आपल्याला उशिरा कळते.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग सगळेच सारखे काय? नाही. १९७७ साली ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी जनता पक्षाचे उमेदवार म्हणून लोकसभेवर गेले. ते जनसंघाचे, आणि मतदारांपुढे आपल्या कामाचा वार्षिक अहवाल ठेवण्याची त्यांची पद्धत आपल्या लोकप्रतिनिधींनीही उचलावी अशी होती. त्या पक्षात समाजवादीही होते. पुढे मधु लिमये यांनी दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न काढला आणि तो काढणे योग्यच होते, असे माझे आजही मत आहे. पण तो प्रश्न संघटनेला विचारलेला होता, नेत्यांना विचारलेला होता. म्हाळगींना मत देणाऱ्या ठाण्याच्या शिक्षकाला कोणी पक्षद्रोही म्हटले नव्हते. विचाराशी आणि संघटनेशी झगडा कठोरपणे करावा. मतदाराचे प्रकरण वेगळे आहे.

दुसरेही एक अंतर नजरेआड करता कामा नये. सर्व लेबलांची किंमत सारखी नसते. आपण एखाद्याला ‘भक्त’ म्हटले तर तो दुखावतो आणि आपले एक मत जाते. मुसलमान वस्तीला ‘गठ्ठा मतांची पेढी’ हे लेबल वर्षानुवर्षे लावले गेले तर काय होते, ते येथून जवळच असलेल्या भिवंडीने १९७० साली पाहिले, न्या. मादन आयोगाचा अहवाल ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो वाचावा. त्या वस्तीलाही आपण ‘हमखास आपली’ म्हणून गृहीत धरतो आणि निवडणूक संपली की तिचे गटार, तिचे यंत्रमाग, तिची शाळा विसरतो. गृहीत धरणे हाही अवमानच आहे, फक्त गोड शब्दांतला.

पुन्हा धरणाकडे. बाधित कुटुंबातील एकेकाला महामंडळात किंवा पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकरी द्यावी असे ठरले होते. पाणी २०१९ साली वेळेवर भरले. नोकऱ्या मात्र त्यानंतरही काही वर्षे रेंगाळल्या. या मागणीसाठी उल्हासनगरच्या किंवा डोंबिवलीच्या किती पाणी पिणाऱ्यांकडे आपण गेलो? ते ‘त्यांचे’ मतदार, त्यांना विस्थापितांचे काय, असे ठरवून आपण तिकडे फिरकलोच नाही. ज्या सिंधी कुटुंबाच्या आजोबांनी सिंधमधले घर एका रात्रीत सोडले, त्यांना घर बुडणे म्हणजे काय हे आपण समजावून सांगण्याची गरज होती काय? नुसते जाऊन सांगायचे होते, की तुमच्या नळाला येणारे पाणी कोणाच्या अंगणावरून येते.

उद्या सकाळी आपल्या तुकड्या दोन ठिकाणी जाणार आहेत, पुनर्वसन झालेल्या वस्त्यांत आणि उल्हासनगरच्या कॅम्पांत. संयोजकांनी पाहणीचा जो तक्ता छापला आहे त्यात तिसरा रकाना ‘गेल्या निवडणुकीत मत कोणाला’ असा आहे. माझी सूचना आहे की तो आज रात्रीच खोडावा. त्या जागी वस्तीत विचारावे, नोकरीचे पत्र आले का आणि कोणत्या साली. आणि कॅम्पात विचारावे, पाणी दिवसातून किती तास येते आणि ते कोठून येते हे ठाऊक आहे का. दोन्ही तक्ते घेऊन दुपारी येथेच बसू. आता प्रश्न असतील तर विचारा.