व्यायाम : सलग कीं तुकड्यांचा?

ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवतीं पहाटे एकाच चालीनें फेऱ्या घालणारी मंडळी नित्य दिसते. डोंबिवलीच्या चाकरमान्याला मात्र ही चैन परवडत नाहीं. त्याची पहाट लोकलगाडी गिळते. दहा मिनिटांच्या व्यायामाचें आमिष पडतें तें त्यालाच.

आमिष अगदींच खोटें नाहीं. कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगांत बैठ्या सवयीच्या पुरुषांपैकीं कांहींनीं ४५ मिनिटें सलग सायकल चालविली. इतरांनीं दहा मिनिटांच्या अवधींत तीनदांच, २०-२० सेकंद, जिवाच्या करारानें पायडल मारलें. १२ आठवड्यांनीं दोघांचाही दमसास सारखाच वाढला.

पण मनाचें काय? २०१५ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत सर्वांत तीव्र तुकड्यांचा प्रकारच सर्वांत नावडता ठरला. नावडतें औषध किती दिवस घेतलें जाणार! शिवाय छातींत दुखणाऱ्या गृहस्थानें डॉक्टरांस विचारल्यावांचून असला झपाटा करूंच नये.

जपानांतील शिन्शू विद्यापीठांत तपासलेली रीत अधिक सोसवेल : तीन मिनिटें झपाझप, तीन मिनिटें सावकाश चालणें. अशा पांच आवर्तनांस अर्धा तास लागतो. डोंबिवली स्थानकाबाहेर सायंकाळीं रिक्षाच्या रांगेंत कित्येकदां तेवढाच जातो.