गाणाऱ्याची मजुरी



अकोल्याच्या वैशाखात दिवसभर तापलेली माणसे संध्याकाळी घराबाहेर पडून व्याख्यानाला येतात, त्याबद्दल प्रथम तुमचेच आभार मानले पाहिजेत. चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, एका गाणाऱ्यावर बोलतो. ते जरा गप्प झाले. परंतु युनियनच्या माणसाला गाण्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असे कोणी समजू नये. आमची निम्मी चळवळ गाणाऱ्यांच्या गळ्यावर उभी राहिली आहे. त्या गळ्याचे आम्ही काय केले, हाही हिशेब एकदा मांडला पाहिजे.

आम्ही नववीत शाळा सोडली आणि दालमिलमध्ये पोती उचलू लागलो. वाचनाची गोडी लागली ती बाबूजी देशमुख वाचनालयात. मात्र अमर शेख हे नाव आम्ही प्रथम पुस्तकात वाचले नाही, ते एका गेटमीटिंगमध्ये ऐकले. माईक बंद पडला होता आणि माणसे पांगू लागली होती. तेव्हा कापडगिरणीत आयुष्य काढलेले एक म्हातारे मिस्त्री दगडावर चढले आणि गाऊ लागले. गेलेली माणसे परत आली. मागाहून आम्ही विचारले, हे कोठून शिकलात? म्हणाले, "अमर शेखाचं हाये, बाबू. त्याले माईक लागत नव्हता."

हा अमर शेख म्हणजे बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा. घर गरीब मुसलमानाचे. आई मुनेरबी हिच्या तोंडी लोकगीतांचा साठा होता आणि तोच मुलाचा पहिला गुरू. पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत कामाला लागला. गिरणीत संप झाला, त्यात हा तरुण पुढे होता, म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेला. तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि विचारांना दिशा मिळाली. तुरुंग हे आमच्यासारख्यांचे कॉलेजच असते म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत ती शेखी असते, येथे खरे होते. पुढे कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम मिळाले आणि तेथेच 'अमर शेख' हे नाव मिळाले. चित्रपटसृष्टीने दिलेले नाव घेऊन हा माणूस कामगारांच्या चाळींत गेला, ही मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लालबावटा कलापथक उभे केले. आम्ही संघटनेच्या माणसाच्या नजरेने पाहतो, तेव्हा या तिघांतली कामाची वाटणी आम्हांला फार आवडते. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा आवाज असा तो जोड होता. अमर शेख स्वतःही कवी होते; 'कलश' हा संग्रह १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. तरीही दुसऱ्याचे गाणे आपलेसे करून गाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्या युनियनमध्ये दुसऱ्याने लिहिलेले पत्रक वाटायलासुद्धा कार्यकर्ते कुरकुरतात.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' महाराष्ट्रभर गेली ती अमर शेखांच्या गळ्यातून. आता वऱ्हाडात उभे राहून बोलायचे, तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राचे गाणे येथे सगळ्यांच्या कानाला सारखे गोड लागले नाही. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आपल्याच गावात झाला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी वजनदार माणसे त्या बाजूची होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. आलो ते बरे की वाईट, यावर आजही अमरावतीच्या चहाच्या टपरीवर भांडण होते, आणि आम्ही त्यात येथे पडणार नाही. परंतु त्या लावणीचा पहिला भाग बेळगाव-कारवारविषयी नाहीच. पोटासाठी मुंबईला आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या माणसाचे ते गाणे आहे. सुरतेला आणि पुण्याला कामाला गेलेली आमच्या दर्यापूर-मूर्तिजापुराकडची पोरे पाहा. त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

आचार्य अत्र्यांनी अमर शेखांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले. अत्र्यांचा शब्द मोठा, पण आमचे मत थोडे निराळे आहे. मायकोव्हस्की हा मुख्यतः कवी. आम्हांला जवळचा वाटतो तो अमेरिकेचा नीग्रो गायक पॉल रॉबसन. १९५० साली त्याच्या सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. कॅनडातल्या खाणकामगारांच्या युनियनने गायला बोलावले, तर त्याला जाता येईना. तेव्हा १९५२ च्या मे महिन्यात तो सरहद्दीवर एका ट्रकवर उभा राहिला आणि तेथून गायला. ऐकणारे दोन्ही देशांतून जमले होते. युनियनने बोलावले म्हणून ट्रकवर उभा राहणारा गाणारा, ही जात वेगळी असते.

अमर शेखांना चित्रपट वर्ज्य नव्हता. अत्र्यांच्या १९५४ च्या 'महात्मा फुले' चित्रपटात ते होते. १९६१ च्या 'प्रपंच' मध्ये सुलोचनाबाईंबरोबर त्यांनी काम केले. ज्यांना सभांचा कंटाळा आहे त्यांनी निदान तो चित्रपट पाहावा. गोवामुक्तीसाठी ते गायले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, तेव्हा जवानांसाठी गाऊन निधी जमविला. साम्यवादी म्हणून ज्यांची निष्ठा तपासली जात होती, त्यांपैकी एकाने हे केले.

१९६९ हे साल मोठे वाईट. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख मोटार-अपघातात गेले. वय त्रेपन्नही पुरे नव्हते. अकरा आठवड्यांत हे तीन आवाज बंद झाले. मुलगी मल्लिका तेव्हा लहान होती. ती पुढे नामवंत कवयित्री झाली. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासनही झाले.

आता आमचा स्वतःचा हिशेब. काही वर्षांपूर्वी अमरावतीला आमच्या युनियनचा मेळावा होता. पुढारी दोन तास उशिरा येणार होते. दर्यापूरकडचा एक डफवाला शाहीर आम्ही बोलावला होता. तो दोन तास गायला आणि त्याने माणूस हलू दिला नाही. पुढारी आले, भाषणे झाली, हारतुरे झाले. आम्ही मंडपवाल्याशी बोलत होतो, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, शेवटची यष्टी निंगून गेली. आता मी जाऊ कसा?" त्याला पैसे द्यायचे आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नव्हते. खिशातले काढून दिले आणि त्याने रात्र स्टँडवर काढली. दुसऱ्या दिवशी हिशेबवही लिहिताना पाहिले, तर मंडप, माईक, चहा, पुढाऱ्यांच्या गाडीचे पेट्रोल, सगळी खाती होती. ज्याच्यामुळे सभा टिकली त्याचे खाते नव्हते. दुसऱ्यांच्या मजुरीसाठी आम्ही तीस वर्षे भांडतो आहोत.

पुढे चार वेळा निरोप धाडले, तो आला नाही. शेवटी आम्ही त्याच्या गावी गेलो. डफाला नवे कातडे चढविलेले होते. लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर जातो म्हणाला. रोज ठरलेला, निम्मा आगाऊ. आम्ही १ मेच्या सभेचे विचारले. त्याने आधी दर सांगितला. आम्ही निम्मे पैसे मोजून त्याच्या हाती दिले आणि पावतीपुस्तक पुढे केले. त्याने सही केली, आणि बसभाडे वेगळे लागेल, असे सांगितले.