चिंचोळीचे वीरेंद्र पाटील
(महाजन मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाणगापूरची वारी करणारी कुटुंबे गोव्यात पुष्कळ आहेत. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून, दत्तपादुकांचे दर्शन घेऊन मंडळी परततात. परंतु त्या भूमीचा इतिहास यात्रेकरूंच्या कानी क्वचितच पडतो. कलबुर्गी आणि बिदर हे जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. या प्रदेशाला मात्र मुक्तीसाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहिलेल्या गोमंतकीयांना त्या प्रतीक्षेचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले आणि उरलेला बिदर, गुलबर्ग्यासह, म्हैसूर राज्यास जोडला गेला. कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येणारा हा मुलूख नव्या राज्यात आला तो धाकट्या भावासारखा. शिक्षण, रस्ते, पाणी सर्वच बाबतींत मागासलेला, आणि राजधानी बंगळूर दूर. अशा कोपऱ्यातून उठून जो पुरुष दोनदा राज्याचा मुख्यमंत्री झाला, त्याचे नाव वीरेंद्र पाटील.

त्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९२४ रोजी चिंचोळी येथे झाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि वकिली पत्करली. १९५७ साली चिंचोळी मतदारसंघातून ते विधानसभेवर निवडून आले. निजलिंगप्पा यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. वीरेंद्र पाटील आणि रामकृष्ण हेगडे या दोघांना लोक निजलिंगप्पांचे 'लव-कुश' म्हणत. निजलिंगप्पा अखिल भारतीय काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यावर २९ मे १९६८ रोजी वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते.

तथापि दैव अनुकूल नव्हते. १९६९ साली काँग्रेस दुभंगली. सत्तेचा वारा इंदिरा गांधींच्या बाजूने वाहत होता, हे न कळण्याइतके पाटील अजाण नव्हते. परंतु ज्यांनी हात धरून वर आणले त्या निजलिंगप्पांची बाजू त्यांनी सोडली नाही. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत म्हैसूर राज्यातील सर्वच्या सर्व २७ जागा इंदिरा गांधींच्या पक्षाने जिंकल्या आणि त्याच मार्चमध्ये पाटील यांचे मंत्रिमंडळ कोसळले. निष्ठेची किंमत त्यांनी रोख मोजली.

१९७८ साली चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत खुद्द इंदिरा गांधींविरुद्ध जनता पक्षाने त्यांनाच उभे केले. सत्तर हजारांहून अधिक मतांनी ते पराभूत झाले. राजकारणाची गंमत अशी की, पुढे तेच पाटील इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, १९८० साली बागलकोटमधून लोकसभेवर आले आणि ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याच मंत्रिमंडळात मंत्री झाले. त्यांच्या चाहत्यांनाही हे वळण सहज पचले नसावे. निष्ठावंत म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवणे म्हणजे चरित्राऐवजी आरती गाणे होय.

१९८९ साली प्रदेश काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे होती. त्या निवडणुकीत पक्षाने २२४ पैकी १७८ जागा जिंकल्या. देशात काँग्रेसची पीछेहाट होत असताना कर्नाटकात असा विजय मिळाला, त्यात पाटील यांचा वाटा मोठा होता. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी, अठरा वर्षांहून अधिक काळानंतर, ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. दारूच्या ठेकेदारीवर सरकारी पकड घट्ट करण्याचा त्यांनी यत्न केला आणि बलवान शत्रू ओढवून घेतले.

१९९० च्या पावसाळ्याअखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्याच सुमारास राज्यात काही ठिकाणी जातीय दंगली उसळल्या. पक्षाध्यक्ष राजीव गांधी बंगळूरास आले, आजारी मुख्यमंत्र्यांना भेटले, आणि परतताना विमानतळावरच नेता बदलणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. आमदारांची बैठक व्हावयाची होती. निर्णय मात्र आधीच झाला होता. राजीनामा देण्यास पाटील यांनी नकार दिला. अखेर १० ऑक्टोबर रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि आठवड्याभरात बंगारप्पा मुख्यमंत्री झाले.

राज्यकारभार आजाऱ्याच्या खाटेवरून चालत नाही, हे खरेच. दंगल पेटली असता धडधाकट माणूस हवा, हा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु बदल करणे निराळे आणि अवमान करणे निराळे. जनतेने, विशेषतः लिंगायत समाजाने, तो प्रसंग मनात ठेवला. १९९४ च्या निवडणुकीत १७८ जागांच्या त्या पक्षास चाळीस जागाही राखता आल्या नाहीत. कारणे अनेक असतील. परंतु विमानतळावरील ते चार शब्द त्यांत नव्हते, असे कोणी म्हणत नाही.

१४ मार्च १९९७ रोजी वीरेंद्र पाटील निवर्तले. त्यांच्या प्रदेशास घटनेच्या ३७१ (ञ) कलमान्वये खास दर्जा मिळाला तो २०१२ सालच्या घटनादुरुस्तीनंतर. धाकट्या भावाचा वाटा मिळावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

देवस्थानाच्या समितीतही निवडणुका होतात, पदे येतात आणि जातात. वृद्ध अध्यक्षाच्या हातून किल्ल्या घ्याव्या लागतात, कधी आजारपणामुळे, कधी हिशेब जमेनासा झाला म्हणून. त्या वेळी एक करावे. निर्णय सभेत घ्यावा. त्या गृहस्थास आधी घरी जाऊन सांगावे. आणि पालखीच्या दिवशी त्याचा मान त्यास द्यावा. सत्ता कशी मिळविली हे लोक विसरतात, कशी काढून घेतली हे विसरत नाहीत.

इति शम्.