सकर मासा ओळखा, तळे सांभाळा

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



आपला धाराशिव जिल्हा तसा कमी पावसाचा. पण 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून गावोगाव शेततळी झाली आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडून चार पैसे मिळवणारे शेतकरीही पुष्कळ झाले. अशा तळ्यात किंवा गावच्या तलावात जाळे टाकल्यावर कधी एखादा काळपट, खरखरीत, मगरीच्या पाठीसारखा मासा वर येतो. कोणी त्याला सकर म्हणतं, कोणी प्लेको, कोणी क्रोकोडाइल मासा. हा मासा ओळखायचा कसा आणि सापडला तर करायचं काय, ते आज पाहू.

हा मासा आला कुठून?

सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घरातल्या काचेच्या टाकीचे शेवाळ खातो म्हणून दुकानात त्याची बोटभर पिल्ले विकतात. पण बोटभराचा मासा वाढून हातभर होतो, टाकीत मावत नाही, आणि मग लोक ‘जीव वाचवू’ म्हणून तो नदीत नाहीतर तलावात सोडून देतात. जगभर तो असाच पसरला. आपल्या शेजारी भीमेवरच्या उजनी धरणातही, म्हणजे यशवंतसागरात, तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे.

उजनी आपल्याला लांब नाही. उजनीचे पाणी भीमा-सीना बोगद्यातून सीनेत येते. पाण्याबरोबर माशाची पिल्लेही येऊ शकतात. म्हणून परंडा भागातल्या शेतकऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून राहावे.

आधी आपला मासा की परका, ते ठरवा

जाळ्यात आलेला प्रत्येक वेगळा मासा सकर नसतो. घाईने आपल्याच माशांचा जीव घेऊ नका. मासा ओल्या गोणपाटात धरा, कारण सकरच्या छातीजवळच्या परांना जाड, टोकदार काटे असतात. मग तीन गोष्टी पाहा.

1. तोंड : मासा उलटा करा. सकरचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, वाटीसारखे गोल असते. त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक आखूड मिशी असते.

2. अंग : पाठीवर आणि कुशीवर हात फिरवा. सकरला खवले नसतात. हाडाच्या चकत्यांच्या रांगा असतात, कौले रचल्यासारख्या. हात खरवडतो.

3. पाठीवरचा पर : हा पर शिडासारखा उंच आणि लांब असतो.

आता आपले मासे पाहा. शिंगट्याला काटे असतात, पण अंग गुळगुळीत आणि मिशा लांब. मांगूरही गुळगुळीत, त्याला मिशांच्या चार जोड्या असतात. ओढ्यातल्या दगडाला चिकटून राहणारा एक लहान मासा आहे, काही भागांत त्याला मल्या म्हणतात. त्याच्याही हनुवटीखाली चिकटण्याची चकती असते, म्हणून फसगत होते. पण मल्याला साधे खवले असतात, हाडाचे चिलखत नसते. तो आपला आहे, त्याला पाण्यात परत सोडा.

थोडक्यात काय, चिकटतो म्हणून सकर समजू नका. चिलखत असेल तरच सकर.

सकरमध्येही जाती आहेत

दुकानात सगळ्यांनाच सकर म्हणतात, पण हे सगळे एका जातीचे नाहीत.

एक जात लहान राहते. तिला शास्त्रात अँसिस्ट्रस म्हणतात. वाढलेल्या नराच्या नाकाडावर मऊ फाटे फुटलेले दिसतात, दाढी वर उगवल्यासारखे. हा मासा वीतभरही होत नाही.

मोठ्या सकरमध्ये दोन गट पडतात. ते ओळखायला पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडा. पुढचा जाड काटा सोडा आणि त्यामागच्या मऊ काड्या मोजा. सातच असतील तर तो हायपोस्टोमस गट. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस गट. आपल्या देशातल्या नद्या-तलावांत पसरलेला सकर मुख्यतः या दुसऱ्या गटातला आहे. नाव अवघड आहे, ते पाठ करू नका. काड्या तेवढ्या मोजा.

या गटातल्या दोन जाती दिसायला अगदी सख्ख्या भावांसारख्या. फरक पोटावर सापडतो. पोटाच्या फिकट रंगावर काळे ठिपके सुटे-सुटे असतील तर बहुधा पार्डालिस जात. तेच ठिपके एकमेकांना जोडून गांडुळाच्या वळणासारख्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस जात. बरं, या दोन जातींचा संकरही होतो. मग एकाच पोटावर ठिपकेही दिसतात आणि रेघाही. तिसरी एक जात आहे, अनिसित्सी. तिच्यात उलटा प्रकार, गडद अंगावर फिकट ठिपके.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मेल्यावर रंग उतरतो, म्हणून नक्षी ताज्या माशावरच पाहा. आणि लहान पिल्लांची नक्षी पक्की झालेली नसते, तेव्हा पोटावरून जात ठरवू नका.

तुम्ही म्हणाल, एवढं मोजून आम्हाला काय मिळणार? जातीची नोंद मत्स्य खात्याला उपयोगी पडते, कोणती जात कुठवर पोचली ते कळतं. पण आपल्या तळ्यापुरतं म्हणाल तर सगळ्यांना एकच नियम. पोटावर ठिपके असोत की रेघा, सकर तळ्यात नको.

नुकसान काय होते?

सकरचा नर काठाच्या मातीत आडवे बीळ कोरतो. मादी त्यात अंडी घालते आणि नर राखण करतो. अशी बिळे हात-दोन हात खोल जातात. मातीच्या बांधाला ती पडली की बांध खचतो, पाणी झिरपते. तळाचे शेवाळ आणि गाळातले अन्न खाऊन तो मृगळासारख्या माशांच्या ताटातला घास घेतो. काट्यांनी जाळी फाडतो. हा मासा विषारी नाही, पण मांस थोडे आणि चिलखत फार, म्हणून बाजारात गिऱ्हाईक नाही.

काही जण विहिरीतले शेवाळ जावे म्हणून मुद्दाम सकर सोडतात. तसे करू नका. त्याच्या विष्ठेने पाणी गढूळ होते. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य खाते गप्पी मासे देते, ते काम सकर करत नाही.

काय करावे?

1. मत्स्यबीज घेताना मूठभर पिल्ले पांढऱ्या थाळीत पाण्यासह घ्या आणि नीट पाहा. तळाला चिकटलेले, खरखरीत पिल्लू दिसले तर वेगळे काढा.

2. ओढ्याचे किंवा कालव्याचे पाणी तळ्यात घेताना तोंडाशी बारीक जाळी लावा.

3. उन्हाळ्यात पाणी उतरले की बांधाच्या आतल्या बाजूने फिरा. बिळे दिसली तर आतला मासा काढा, माती भरून चांगली ठोकून घ्या.

4. सापडलेला सकर पाण्यात परत टाकू नका आणि काठावरही सोडू नका. तो हवेतला श्वास घेऊन कित्येक तास जगतो. डोक्यावर जोराचा घाव घालून लगेच मारा, तडफडत ठेवू नका. पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरा.

5. सकर मारण्यासाठी तळ्यात औषध टाकू नका. बाकीचे मासे मरतील आणि जनावरांच्या पाण्यालाही धोका होईल.

6. मुलांच्या टाकीतला मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्या. देवळाच्या बारवेत किंवा तलावात सोडणे हे पुण्याचे काम नव्हे.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. आपला जिल्हा दोन खोऱ्यांत वाटला आहे. सीना आणि बोरी भीमेला मिळतात. तेरणा मात्र मांजरेला आणि मांजरा गोदावरीला. मधल्या बालाघाटाच्या डोंगरावरून सकर स्वतः चढून जाणार नाही. पण कोणी परंड्याकडचा मासा बादलीत घालून कळंबकडच्या तलावात सोडला, तर एका माणसाच्या हातून तो गोदावरीच्या खोऱ्यात पोचेल. एकदा अंडी घातली की मोठ्या धरणातून त्याला काढणे जवळजवळ अशक्य. म्हणून जिवंत सकर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कधीही नेऊ नका.

असा मासा सापडला तर गावाचे नाव, तलावाचे नाव, तारीख आणि माशाची लांबी लिहून ठेवा. पाठ, उघडलेला पर आणि पोट यांचे फोटो काढा. ही माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा.

तोंड, चिलखत, पर आणि पोट. एवढे चार शब्द लक्षात ठेवा, आणि पुढच्या वेळी जाळे ओढाल तेव्हा शेजाऱ्यालाही दाखवा.