भोपाळची करंजी

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या नातीचा बंगळूरहून फोन आला. तिला करंजीची कृती हवी होती. मी सांगू लागले, "दोन वाट्या किसलेले सुके खोबरे घे," तोच ती म्हणाली, "आजी, खोबऱ्याची नको. आपली, खव्याची सांग." मी क्षणभर गप्प राहिले. याच खव्यावरून पन्नास वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात केवढा अबोला धरला गेला होता, हे त्या पोरीला कोठून ठाऊक असणार? श्रोतेहो, आज बोलावयाचे आहे ते त्या करंजीविषयी आणि ती जिच्या पोटी बदलली त्या भोपाळ शहराविषयी.

भोपाळशी मराठी माणसाचा संबंध जुना खरा, पण तो फारसा गोड नव्हता. १७३७ साली थोरल्या बाजीरावाने निजामाला गाठले ते भोपाळापाशी. पुढे १८१२-१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी मिळून या शहराला वेढा घातला व तो निष्फळ ठरला. म्हणजे ग्वाल्हेरकर आणि नागपूरकर येथे प्रथम आले ते तोफा घेऊन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानीचा मान नागपुराकडून भोपाळाकडे आला आणि ही दोन्ही मंडळी पुन्हा भोपाळात दाखल झाली. या खेपेस त्यांच्याजवळ फायलींचे गठ्ठे, पत्र्याच्या ट्रंका आणि पुरणयंत्रे होती. माझे सासरे नागपूरच्या सचिवालयातले कारकून. त्यांना तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. एका बाजूस ग्वाल्हेरच्या मराठी काकू, दुसऱ्या बाजूस जुन्या भोपाळातले एक मुसलमान कुटुंब.

१९७२ साली मी लग्न होऊन या घरात आले ती रत्नागिरीहून. आमच्याकडे करंजी म्हणजे ओल्या नारळाची. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला पुढे ठेवली ती सुक्या खोबऱ्याची. सारणात भाजलेला रवा, खसखस, चारोळी आणि पिठीसाखर. ही कसली करंजी, असे माझ्या मनात आले. मी नवी सून, बोलले नाही. त्या मात्र ग्वाल्हेरच्या काकूंच्या करंजीविषयी मोकळेपणाने बोलत. काकूंच्या करंजीत खवा असे, आणि त्या तिला बेधडक गुजिया म्हणत. वर होळीलाही करीत! सासूबाईंच्या हिशेबी होळीला पुरणाचीच पोळी, करंजी दिवाळीची. एकच अर्धचंद्र येथे दोन सणांना उगवतो, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही.

त्यांचा हात मात्र असा होता की आजही डोळ्यांपुढे येतो. रवा-मैदा दुधात घट्ट भिजवून, कुटून मऊ करावयाचा. तूप हाताने फेसून त्यात तांदळाची पिठी घालून साटा करावयाचा. तीन पातळ पोळ्या, प्रत्येकीवर साटा, एकीवर एक ठेवून वळकटी, तिच्या लाट्या ओल्या फडक्याखाली. मंद आचेवर तुपात करंजी सोडली की पदर हळूहळू सुटत. घाई करणाराला ते पदर दिसत नाहीत. साच्याचा त्यांना तिटकारा. कातण चाले, पण चार करंज्यांना तरी हाताने मुरड घातलीच पाहिजे. गौरींना निरोप देताना मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य पुष्कळ घरी दाखवतात, तो त्यांनी पुन्हा मुरडून यावे म्हणून. नागपूर सोडून आलेल्या बाईला त्या मुरडीचे काय वाटत असेल, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आता तो अबोल्याचा प्रसंग. एका वर्षी साठवलेले सगळे खोबरे खवट निघाले. धनत्रयोदशीची रात्र, पोळ्या लाटून झालेल्या, साटा लावलेला. मी काकूंच्या दारात गेले. त्यांनी अर्धा किलो भाजलेला खवा डब्यातून काढून दिला आणि वर स्वतः येऊन बसल्या. त्या रात्री आमच्या घरी पहिल्यांदा खव्याच्या करंज्या झाल्या. सासूबाईंनी देवापुढे लाडू ठेवला, करंजी ठेवली नाही. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. भाऊबीजेला डबा उघडला तो रिकामा. मुलांनी फस्त केला होता. पुढल्या वर्षी त्याच म्हणाल्या, "थोड्या त्या ग्वाल्हेरवाल्यांच्यासारख्याही कर." त्यांना करंजी मात्र त्यांनी कधी म्हटले नाही.

कोकणातली मी नागपूरच्या करंजीला खोटी म्हणत होते, नागपूर ग्वाल्हेरला खोटी म्हणत होते. मग खरी कोणती? मी पुढे जिन्नसांचा हिशेब मांडून पाहिला. चारोळी ही मध्यप्रदेशच्या जंगलांतून येते. अनारशावरची खसखस घ्या. मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. खसखस हे त्याच बोंडातले बी. हरभऱ्याच्या पिकात हे राज्य देशात अग्रेसर, तेव्हा पुरणाची आणि बेसनाच्या लाडवाची डाळ दारची. गहू तर सीहोरचा सरबती, ज्याचे नाव घेऊन सर्वत्र कणीक विकली जाते. परकी काय ते एक खोबरे! जो जिन्नस दुरून आणावा लागे, त्यालाच आम्ही आपला म्हणून धरून बसलो होतो.

शेजारच्या मुसलमान घरून ईदला शेवया येत, हे कोणालाही ठाऊक असते. शबे-बरातला मात्र चण्याच्या डाळीचा हलवा येई. पहिल्यांदा तो चाखला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर पुरणच, पोळीत भरायचं राहिलेलं." त्यांची ताटली रिकामी परत करावयाची नाही हा आमचा नियम, आणि त्यांचाही. त्यामुळे वर्षभर दोन ताटल्या भिंतीच्या या बाजूची त्या बाजूस जात राहिल्या. आमची ताटली कोणती आणि त्यांची कोणती, हे पुढे कोणालाच सांगता येईना.

तात्या टोपे नगरातली ती जुनी क्वार्टरे स्मार्ट सिटीच्या कामासाठी पाडली गेली. आमच्या सध्याच्या इमारतीत लिफ्ट आहे, आणि फराळ पेठेत किलोवर मिळतो. विकतच्या चकलीला मी नावे ठेवीत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याला सोऱ्या दाबणे म्हणजे काय ते कळते. पण विकतचा बंद पुडा शेजारी दिला, तर त्याचा पुठ्ठा परत येत नाही. ताटली येत असे, आणि तिच्याबरोबर एक माणूस दारात येत असे.

नातीला मी कृती सांगितली. पाव किलो खवा मंद आचेवर तांबूस भाजावा, पुरता गार झाल्याखेरीज साखर घालू नये, नाहीतर सारण पातळ होऊन करंजी तुपात फुटते. सणासुदीला भेसळीचा खवा फार; चिमूटभर खवा पाण्यात उकळून, निववून त्यात आयोडिनचा थेंब टाकावा, निळा झाला तर त्यात पिष्ट मिसळलेले आहे असे समजावे. खव्याची करंजी चार दिवसांत संपवावी. दुरून कोणाला धाडावयाची असेल तर खोबऱ्याचीच करावी, ती दोन आठवडे सहज टिकते. एवढे मात्र सासूबाईंच्या बाजूने बोललेच पाहिजे.

तिने सारे लिहून घेतले आणि विचारले, "वर नाव काय लिहू?" मी म्हटले, "करंजी लिही," आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहण्याचे टाळले. फोन ठेवल्यावर ध्यानात आले की मोहनाचे प्रमाण सांगावयाचे राहिलेच. दोन वाट्या पिठाला तीन चमचे कडकडीत तूप. तेवढ्यासाठी पुन्हा फोन लावावा लागला.