पाऊस, धरण, विहीर: तीन आकडे गटाच्या वहीत



विहिरीनं तळ गाठला की दुष्काळ आला, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण सरकारदरबारी दुष्काळ आकड्यांवरून ठरतो. ३१ ऑक्टोबर २०२३ला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्यांत आपला दौंड होता, शेजारचा शिरूरही होता. यादीत नाव आलं की शेतसाऱ्यात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, गरज तिथं टँकर. म्हणून हे आकडे आपणही बघायला शिकू. गटात एकीकडे मोबाईल असला तरी पुरे.

पहिला आकडा पावसाचा. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि आपलं महसूल मंडळ निवडायचं. पाऊस किती मिलिमीटर झाला ते लिहून घ्यायचं. मधे किती दिवस कोरडे गेले तेही लिहा. दुष्काळ ठरवताना पावसातला खंड मोजतात.

दुसरा धरणाचा. आपल्या कालव्याचं पाणी खडकवासल्यातून येतं. जलसंपदा विभाग रोजचा साठा संकेतस्थळावर देतो. 'खडकवासला भरलं' ऐकून हुरळून जाऊ नका. ते धरण जेमतेम दोन टीएमसीचं. पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांत साधारण २९ टीएमसी मावतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. त्यातूनच पुणे शहर पाणी पितं. तेव्हा चारही धरणांची बेरीज बघा, मग आवर्तनाचा हिशेब करा.

तिसरा आकडा विहिरीचा, आणि तो आपल्याच हातात आहे. उपग्रहाला वरून उसाचा हिरवा रंग दिसतो, पिण्याच्या विहिरीचा तळ दिसत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही त्याच महिन्यांत दोरीला दगड बांधून आपली विहीर मोजू. काठापासून पाणी किती हात खाली, एवढंच लिहायचं.

दुष्काळ जाहीर करण्याआधी काही गावं निवडून शिवारात प्रत्यक्ष पाहणी होते. आपलं गाव निवडलं गेलं, तर तलाठीभाऊंपुढे ही वही ठेवा. ग्रामसभेत टँकर मागताना तीच वही काढा. "पाणी नाही" म्हणणं वेगळं, आणि "मार्चपासून पाणी सहा हात खाली गेलं" म्हणणं वेगळं.

या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वहीचं एक पान पाण्यासाठी आखा.