खपणाऱ्या कन्सोलला गेम उशिरा का मिळतात?

निवृत्त फौजी व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझा विषय खरं तर रसदीचा आहे, आणि रसद मी उभ्या नोकरीत पाहिली आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेंडोनं 'वी' हा कन्सोल अमेरिकेत २४९ डॉलरना आणला. त्याच महिन्यात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, ४९९ डॉलरपासून पुढे. सोनी आणि मायक्रोसॉफ्टचा भर एचडी चित्रांवर होता. वीमध्ये एचडी नव्हतं. होता तो हातात धरून फिरवायचा रिमोट. घरातले आजी-आजोबाही खेळू लागले. अखेर वी १० कोटींहून जास्त विकला गेला, तिघांत सर्वाधिक.

तरी बऱ्याच मोठ्या गेम कंपन्या तिकडे लगेच वळल्या नाहीत. का?

पहिलं कारण अंदाजाचं. निन्टेंडोचा आधीचा गेमक्यूब सव्वादोन कोटींच्या आत थांबला होता, सोनीचा प्लेस्टेशन २ मात्र प्रचंड खपला होता. कंपन्यांनी मागच्या लढाईचा नकाशा पाहून बळ वाटलं. त्यांच्या जागी तुम्ही-मीही तेच केलं असतं.

दुसरं कारण वेळेचं. मोठ्या गेमला दोन-तीन वर्षं लागतात. २००७ मध्ये निर्णय घेतला, तर गेम २००९-१० मध्ये. शिवाय माणसं आधीच दुसऱ्या कामात अडकलेली. एका आघाडीवर गुंतलेली ब्रिगेड रातोरात दुसरीकडे हलवता येत नाही.

तिसरं कारण हत्यारांचं. एचडीसाठी घडवलेला गेम थोड्या फेरफारानं प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर चाले. वीची ताकद कमी, रिमोट वेगळा. त्याच्यासाठी जवळजवळ नवा गेमच बांधावा लागे.

मधली पोकळी घाईच्या, स्वस्त गेमनी भरली. मग 'वीवर फक्त निन्टेंडोचेच गेम चालतात' हा समज पक्का झाला. पण २००९ मध्ये युबिसॉफ्टनं त्या रिमोटसाठीच बेतलेला 'जस्ट डान्स' आणला आणि तो लाखांनी खपला. गिऱ्हाईक होतंच, त्याच्याजोगा माल नव्हता.

पुढे २०१२ चा 'वी यू' दीड कोटीसुद्धा विकला गेला नाही. म्हणून २०१७ मध्ये 'स्विच' आला, तेव्हा अनेक जण पुन्हा थांबले. २०१५ चा 'विचर ३' स्विचवर पोचला ऑक्टोबर २०१९ मध्ये. उलट, मुळात एकट्या माणसानं घडवलेला 'स्टारड्यू व्हॅली' स्विचच्या पहिल्याच वर्षी तिथं हजर होता.

पुणे, बेंगळुरू, हैदराबादमधल्या गेम बनवणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगेन. अंदाज चुकणारच. फौजेत कमांडर सगळं बळ एकदम लढाईत उतरवत नाही, एक तुकडी राखीव ठेवतो. तुमच्या दहा जणांतले दोघं असे मोकळे ठेवा. अनपेक्षित दार उघडलं, तर आत शिरायला कुणीतरी हाताशी हवं.